चौकोनी चाक आणि माणचा रस्ता

माणच्या मुख्य रस्त्यावर सकाळी साडेआठ वाजता उभे राहिले तर समोरून काय काय जाते, याची आमच्या धाकटीने एकदा वहीत नोंद केली. शाळेचा उपक्रम होता. अर्ध्या तासाची ती नोंद अशी: कंपन्यांच्या बसगाड्या, काँक्रीटचे मिक्सर, खडीचे डंपर, पाण्याचे टँकर, मोटारी आणि दुचाक्या ‘मोजता आल्या नाहीत इतक्या’, म्हशी चार. आणि सर्वांत शेवटी: सायकल एक, तीसुद्धा हातात धरून नेलेली.

ती सायकल धारवाल्या चाचांची. सुऱ्या, कात्र्या, विळ्या यांना धार लावून देणारे चाचा आठवड्यातून एकदा आमच्या गल्लीत येतात. बकरी ईदच्या आधीचे आठ-दहा दिवस तर रोज येतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचेच आहे.

माणला राहायला येऊन आम्हाला आता सहा वर्षे होतील. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीला लागून आहे. पूर्वीचे हे भातखाचरांचे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा इथल्या जमिनीवर आला आणि गावाचे रूप बदलले. शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचा मार्ग इथूनच सुरू होतो. सुमारे २३ किलोमीटरचा आणि २३ स्थानकांचा. मेट्रोची कारशेडही माणलाच. आमच्या गच्चीवरून एका बाजूला काचेच्या इमारती दिसतात, दुसऱ्या बाजूला शिल्लक राहिलेली खाचरे आणि त्यांच्या पलीकडे डोंगर. पाहुणे आले की आम्ही आधी त्यांना गच्चीवर नेतो आणि मग चहा देतो.

धाकटी यंदा आठवीत गेली. शाळा घरापासून दोन किलोमीटरवर. रिक्षातून दहा मुलांत दाटीवाटीने जाण्यापेक्षा तिला सायकल हवी होती. आम्ही दोघांनी एकमताने उत्तर दिले, “बेटा, इथे सायकल चालवणे व्यवहार्य नाही.” शिक्षकांच्या घरात असे जड शब्द नकार द्यायला फार उपयोगी पडतात.

त्याच संध्याकाळी थोरल्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. सर्गी गोर्दिएव या युक्रेनी अभियंत्याने २०२३ मध्ये तयार केलेली चौकोनी चाकांची सायकल. माणूस आरामात बसून चालला आहे आणि चाके मात्र चक्क चौकोनी. थोरला बहिणीला म्हणाला, “ही घे तुझी सायकल. अशीच मिळेल आपल्याला.” घरात हशा पिकला. धाकटीसुद्धा हसली, पण डोळे भरून.

अब्बा हसले नाहीत. ते म्हणाले, “ज्या सायकलवर या घराची रोजी चालली, तिच्यावर हसता?”

खरे होते ते. अब्बा भवानी पेठेतून खडकीला कारखान्यात जात. जवळजवळ तीस वर्षे, ऊन असो वा पाऊस, एकाच काळ्या सायकलवर. पुणे तेव्हा सायकलींचेच शहर होते. शिफ्ट सुटली की रस्त्यावर नुसता घंट्यांचा आवाज. त्या सायकलला काय नव्हते! सायकलकर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला, टायरला घासून दिवा लावणारा डायनॅमो, डब्यासाठी वळवलेली तार, मडगार्डला रबरी फडके आणि मधल्या दांडीवर वेताची छोटी खुर्ची. आमच्यापैकी एकाचे अर्धे बालपण त्या खुर्चीत गेले आहे. आज ती खुर्ची कुणाला दाखवली तर तोही म्हणेल, काय विचित्र वस्तू आहे!

अब्बांचा रुसवा काढायचा आणि मुलांना काही दाखवायचे, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पाचही जण कर्वेनगरला निघालो. माणहून हिंजवडी, तिथून महामार्गाने चांदणी चौक आणि मग कोथरूडच्या गर्दीतून कर्वेनगर. सायकली पाहायला जाताना वाटेत एकही सायकल दिसली नाही, हे धाकटीने मुद्दाम सांगितले.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी हौसेने जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. २०१७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एखाद्याच्या घरी जावे तसे आत जायचे आणि शंभरावर सायकलींमधून वाट काढत फिरायचे. लहान मुलांच्या तीनचाकी आहेत, बायकांसाठी बिनदांडीच्या आहेत. शिवाय सायकलबरोबर येणारा सारा बारदाना: दिवे, घंट्या, पंप.

मुले सगळ्यांत जास्त रेंगाळली ती दुसऱ्या महायुद्धातल्या घडीच्या सायकलजवळ. बीएसए या इंग्रज कंपनीने ती हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवली. मधोमध बिजागऱ्या, त्यांवर हाताने फिरवायचे स्क्रू. ते सैल केले की सायकल पुस्तकासारखी मिटते. युद्धाच्या काळात अशा साठ-सत्तर हजार सायकली निघाल्या. थोरल्याने विचारले, “विमानातून उडी मारताना सायकल कशाला?” अब्बांनी उत्तर दिले, “उडी मारून खाली आल्यावर चालत जायचे का?” त्यांच्या दृष्टीने त्यात नवल असे काहीच नव्हते.

दिव्यांपाशी अब्बांचा रुसवा पुरता गेला. डायनॅमोच्याही आधी कार्बाइडचा दिवा असे. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरच्या डबीत पाणी. पाणी थेंबथेंब खड्यांवर पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पेटवला की पांढरा लख्ख उजेड पडतो. पाणी जास्त सुटले की ज्योत भडकते, कमी पडले की विझते. म्हणजे सायकल चालवता चालवता एक छोटी प्रयोगशाळाही सांभाळायची. दिवा नसला तर पोलीस अडवत, चाकांतली हवा सोडत, हे अब्बांनी नातवंडांना सांगितले. स्वतःच्या सायकलची किती वेळा सोडली, ते मात्र सांगितले नाही.

परत येताना धाकटीने ठरवले की विचित्र सायकलींची एक वही करायची. पानावर तीन रकाने: सायकल कोणती, कोणासाठी आणि रस्ता कोणता. तिसरा रकाना तिनेच सुचवला. तो किती कामाचा आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते.

वहीची सुरुवात अर्थात चौकोनी चाकाने झाली. चित्रफीत पुन्हा नीट पाहिली तेव्हा गोम कळली. त्या सायकलचे चौकोन फिरतच नाहीत. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा टायरच चौकोनाभोवती सरकत राहतो. थोरला म्हणाला, “म्हणजे फसवणूकच!” पण खरोखर फिरणाऱ्या चौकोनी चाकांचीही सायकल जगात आहे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या मॅकॅलेस्टर कॉलेजात स्टॅन वॅगन या गणिताच्या प्राध्यापकांनी तशी तीनचाकी करून घेतली. न्यूयॉर्कच्या गणित संग्रहालयातही तशा तीनचाकी आहेत आणि लहान-मोठे सगळे त्यांवर बसतात. धक्का मुळीच लागत नाही.

कसा लागत नाही? कारण चाक बदलले तसा रस्ताही बदलला आहे. तो सपाट नाही. एकापुढे एक सारखे उंचवटे आहेत. साखळीची दोन टोके धरून ती सैल सोडली की जो झोल पडतो, तोच उलटा केला की त्या उंचवट्याचा आकार मिळतो. एका उंचवट्यावरून जाणाऱ्या वक्र रेषेची लांबी चौकोनाच्या एका बाजूएवढी असते. दोन उंचवट्यांमधल्या खाचेत चौकोनाचा काटकोन नेमका बसतो. त्यामुळे चौकोन उलटत जातो, पण त्याचा मध्यबिंदू वर-खाली होत नाही. बसणाऱ्याला वाटते, आपण सपाट रस्त्यावरूनच चाललो आहोत.

आम्ही घरी करून पाहिले. भिंतीवर दोन खिळे, त्यांत एक बारीक साखळी, मागे कागद. झोलाची रेघ काढली आणि त्यावरून जाड पुठ्ठ्याचे उंचवटे कापले. पहिल्या वेळी चौकोन खाचेत अडकला. दुसऱ्या वेळी माप जमले आणि पुठ्ठ्याचा चौकोन डुलत-डुलत टोकापर्यंत गेला. अब्बा पाहत होते. म्हणाले, “मग चाकात खोट नव्हतीच. रस्ताच त्याचा नव्हता.”

हे वाक्य धाकटीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पुढची सगळी पाने आम्हाला त्याच वाक्याचे दाखले वाटत गेली.

एकोणिसाव्या शतकातली उंच चाकाची सायकल घ्या. पुढचे चाक माणसाच्या खांद्याला लागेल एवढे, मागचे ताटाएवढे. चित्र पाहून मुले हसतात. पण तेव्हा पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले होते. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एकच फेरी. वेग हवा तर चाक मोठे करण्यावाचून इलाज नव्हता. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेरीत पावणेपाच मीटर जाते, हे आठवीतली मुलगीही काढू शकते. पुढे १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले यांनी मागचे चाक चेनने फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली आणि उंच चाक एकाएकी वेडगळ ठरले. पंधरा वर्षांपूर्वी तेच शहाणपणाचे होते.

हवा भरलेल्या टायरची गोष्ट याहून गमतीची. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबरी नळ्या लावून त्यांत हवा भरली. तोवर टायर भरीव रबराचे असत आणि दगडी रस्त्यावर हाडे खिळखिळी होत. पुढच्या वर्षी विली ह्यूम हा गडी असे फुगीर टायर लावून शर्यतीत उतरला. लोक त्या टायरांना हसले. ह्यूम जिंकला आणि हसणे थांबले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक सायकलला तोच विचित्र टायर आहे.

पण काही शोध मात्र हसण्यापुरतेच राहिले. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये पाण्यावर आणि जमिनीवर चालणारी ‘सिक्लोमेर’ नावाची सायकल दाखवली गेली. चाकांच्या जागी पोकळ गोळे, बाजूला तरंगणारे आणखी गोळे. तिची छायाचित्रे अजून फिरतात, पण सायकल कुठे गेली कुणास ठाऊक. पॅरिसमध्ये नदीवर पूल होते. मग पाण्यावरून सायकल कोण नेणार?

या पानासमोरच धाकटीने बिहारच्या मोहम्मद सैदुल्लाह यांची नोंद केली. पूर्व चंपारणमधल्या मोतिहारीकडचे हे गृहस्थ. १९७५ च्या पुरात गावाला पाण्याने वेढले, नदी ओलांडायला नावेवाचून मार्ग नव्हता. त्यांनी साध्या सायकलला हवेने भरलेले चार चौकोनी तरंगे बसवले. जमिनीवर ते दुमडून ठेवायचे, पाण्यात खाली सोडायचे. मागच्या चाकाच्या तारांना पात्या लावल्या. पायडल मारले की त्या पाणी मागे ढकलतात आणि सायकल पुढे जाते. हीच सायकल घेऊन त्यांनी पाटण्याला गंगा ओलांडली. आपल्या यंत्रांना ते पत्नी नूरजहाँ यांच्यावरून ‘नूर’ हे नाव देत. शोधांच्या नादात घरची जमीन विकावी लागली. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला आणि तो राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला.

कल्पना दोन्हींकडे एकच. एका ठिकाणी तमाशा, दुसऱ्या ठिकाणी गरज. धाकटीने सैदुल्लाह यांच्या नावासमोर ‘रस्ता’ या रकान्यात लिहिले: पुराचे पाणी.

आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यात शेंदुर्णी गाव आहे. तिथले गोपाळ भिसे हे लहान शेतकरी. बैलजोडी पाळणे परवडत नाही आणि कोळपणी तर वेळेवर झाली पाहिजे. त्यांनी सायकलचे पुढचे चाक, फोर्क आणि हँडल घेतले आणि त्यामागे कोळप्याचे पाते जोडले. एकटा माणूस ते ढकलत सरीतून चालत जातो आणि तण निघत जाते. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने या शोधाचीही दखल घेतली. आज गावोगावच्या वर्कशॉपमध्ये ‘सायकल कोळपे’ या नावाने असे अवजार मिळते. सीट नाही, पायडल नाही, चेन नाही. हिला सायकल म्हणावे का, यावर आमच्या घरी वाद झाला. शेवटी नोंद झाली. रस्ता: पिकाच्या दोन ओळींमधला.

वही अशी भरत होती तेव्हाच एका गुरुवारी धारवाले चाचा गल्लीत आले. धाकटी वही घेऊन खाली धावली. तिच्या मागोमाग आम्हीही गेलो. खरे सांगायचे तर सहा वर्षांत आम्ही त्यांच्या हातात सुरी दिली, पैसे दिले, पण सायकल कधी नीट पाहिली नव्हती.

चाचा सायकल स्टँडवर चढवतात आणि सीटवर बसून पायडल मारू लागतात. मागच्या चाकाला आणखी एक रिम जोडलेली आहे. तिच्यावरून एक पट्टा दांडीवर बसवलेल्या धारेच्या दगडापर्यंत येतो. दगडाची पुली लहान, रिम मोठी. रिमचा व्यास पुलीच्या दहापट असेल तर रिमच्या एका फेरीत दगड दहा वेळा फिरतो. स्टार्ले यांनी चेनचा जो उपयोग वेगासाठी केला, तोच इथे पट्टा करतो. सुरी टेकली की ठिणग्या उडतात. डबा, पाण्याची बाटली, बोथट कात्र्यांची पिशवी, सगळे सायकललाच टांगलेले. पिंजाऱ्यांची धनुकली, पाववाल्यांची पत्र्याची पेटी, कुल्फीवाल्यांचा लाल कपड्यात गुंडाळलेला माठ, हे सगळे एकेकाळी सायकलवरच आपल्या दारी येत होते. त्यांना विचित्र म्हणावे असे कुणाला वाटले नाही, कारण त्यांची वाट पाहिली जात होती.

धाकटीने विचारले, “चाचा, तुम्ही हिच्यावर बसून का येत नाही? हातात धरून का आणता?”

चाचा म्हणाले, “बेटी, पूर्वी बसूनच यायचो. आता या रस्त्यावर हिंमत होत नाही. मोठ्या रस्त्यावर ढकलत आणायची आणि गल्लीत स्टँडला लावली की मगच चालवायची.”

म्हणजे आमच्या माणमधली जी एकुलती सायकल रोज पायडल मारून चालते, ती जागची हलत नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मुलीला ‘व्यवहार्य नाही’ म्हणताना आम्ही सायकलला नावे ठेवली होती. सायकल तर तीच आहे, जिच्यावर अब्बा तीस वर्षे खडकीला गेले. रस्ता तिचा राहिला नाही. चौकोनी चाकासाठी जगात कुणीतरी मुद्दाम उंचवट्यांचा रस्ता बांधून दिला आणि आमच्या साध्या गोल चाकाला दोन किलोमीटर मिळत नाहीत.

चाचांच्या कॅरिअरला एक उंच बांबूची काठी बांधलेली होती, तिच्या टोकाला लाल फडके. आम्हाला वाटे, गिऱ्हाइकाला दुरून दिसावे म्हणून असेल. चाचांनी सांगितले, “डंपरवाला उंच बसतो. चाकाजवळचा माणूस त्याला दिसत नाही. काठी दिसते.”

त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे झाले. भीती खोटी नव्हती आणि नाही. या रस्त्यांवर काय काय घडते, ते आपण सगळे वाचतो. पण मुलीने घराबाहेर पडायचे ते नेहमी कुणाच्या तरी गाडीत बसूनच, हेही आम्हाला पटेना. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम मुलीही होत्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या. लोक आधी हसले, मग सवय झाली. आम्ही वर्गात हा धडा म्हणून सांगतो आणि घरी ‘व्यवहार्य नाही’ म्हणतो, हे कुठवर चालणार?

शेवटी मधला मार्ग निघाला. एका रविवारी फजरनंतर आम्ही दोघे, धाकटी आणि अब्बा शाळेपर्यंतची वाट पायी मोजायला गेलो. दोन किलोमीटरपैकी सव्वा किलोमीटर सोसायट्यांच्या आतल्या रस्त्याने जाता येते. उरलेला पाऊण किलोमीटर मुख्य रस्ता. ठरले असे: आतल्या रस्त्यावर सायकल चालवायची, मुख्य रस्त्यावर चाचांसारखी हातात धरून कडेने न्यायची. पहिले दोन महिने आमच्यापैकी एकाने सोबत जायचे. अब्बांनी जुन्या बाजारातून सायकल पारखून आणली, चेनला तेल घातले, घंटी बसवली. काठी चाचांनी दिली. फडक्याच्या जागी धाकटीने जुन्या केशरी ओढणीची पट्टी बांधली.

पहिल्याच दिवशी मैत्रिणी हसल्या. एकीने विचारले, “मिरवणूक कुठे निघाली?” संध्याकाळी धाकटी जरा गप्प होती. अब्बा म्हणाले, “ह्यूमलासुद्धा हसले होते.” तिने काठी काढली नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या आईने आम्हाला थांबवून काठीची उंची विचारली, एवढे मात्र खरे.

मुख्य रस्त्याच्या कडेला गटाराच्या पलीकडे तीन-चार फुटांची पट्टी मोकळी पडून आहे. ती सपाट करून मुलांना पायी आणि सायकलने जाण्यासाठी ठेवावी, असा अर्ज आम्ही काही पालकांनी सह्या करून ग्रामपंचायतीत दिला आहे. अजून उत्तर आलेले नाही. आठवड्यातून एकदा जाऊन विचारून येतो. वाचकहो, तुमच्याही गावात अशी एखादी पट्टी असेल. मुलांना बरोबर घेऊन एकदा मोजून पाहा.

धाकटीच्या वहीत परवा नवे पान दिसले. काठी आणि केशरी पट्टीसह तिने स्वतःच्या सायकलचे चित्र काढले आहे. कोणासाठी, या रकान्यात तिचे नाव आहे. आणि रस्ता, या रकान्यात लिहिले आहे: अजून व्हायचा आहे.